‘अजून आलं नाही’ असं किती दिवस सांगू? प्रकाशकांना एका पुस्तक विक्रेतीचं खुलं पत्र

नवी पुस्तकं काढणाऱ्या सर्व प्रकाशकांना आणि त्यांच्या वितरकांना,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एका संस्थेचं परिपत्रक आलं. एकच पान, खाली शिक्का, मजकूर तीन कलमांचा. नवी पुस्तकं यापुढे आधी ऑनलाइन विकली जातील आणि लहान दुकानांना पंधरा दिवसांनी मिळतील. नव्या पुस्तकांच्या न खपलेल्या प्रती परत घेतल्या जाणार नाहीत. लेखकाचा कार्यक्रम दुकानात ठेवायचा असेल तर शंभर प्रती आगाऊ, रोखीने उचलाव्या लागतील. आठवडाभराने दुसऱ्या एका संस्थेच्या प्रतिनिधीने फोनवर साधारण हेच सांगितलं, जरा गोड आवाजात. तिसऱ्या संस्थेने काही सांगितलंच नाही. नुसता माल येईनासा झाला.

नावं लिहीत नाही. कुणा एकाला धरून झोडपण्यासाठी हे पत्र नाही, आणि ज्यांनी हा निर्णय अजून घेतलेला नाही ते घेण्याच्या बेतात आहेत हेही मला ठाऊक आहे. खासगीत बोलून पाहिलं. ‘वरून ठरलंय’ यापलीकडे उत्तर मिळालं नाही. हे ‘वर’ नेमकं कुठे आहे ते कळलं असतं तर पत्र तिथेच टाकलं असतं. म्हणून उघड लिहिते आहे, वाचकांच्या आणि लेखकांच्या देखत. हा निर्णय त्या दोघांनाही लागू होतो आणि तो घेताना त्या दोघांनाही कुणी विचारलेलं नाही.

मी गेली बावीस वर्षं पुस्तकांचं दुकान चालवते. एकच दुकान, शाखा नाही, पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही. मी आणि मदतीला दोन माणसं. मधल्या दोन रॅकना चाकं लावून घेतली आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी ती भिंतीकडे ढकलली की तीस खुर्च्या मावतात, एकतिसावा माणूस उभा राहतो. दारातून आत आलं की पहिलं दिसतं ते नव्या पुस्तकांचं टेबल. दुकानातली सगळ्यात महागडी जागा तीच, आणि बावीस वर्षांत तिचं भाडं मी तुमच्याकडे कधी मागितलेलं नाही.

दुकानात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, ‘नवीन काय आलंय?’ अमुक पुस्तक आहे का, असं विचारणारे कमी. त्यांचं काम ऑनलाइनही भागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘नवीन काय आलंय’ हा प्रश्न माणूस माणसालाच विचारतो. त्याला मागच्या वेळी काय आवडलं होतं, कुठलं पुस्तक अर्ध्यात सोडून दिलं होतं, आई आजारी असताना काय वाचून दाखवलं होतं, हे मला माहीत असतं. त्यावरून मी टेबलावरचं एक पुस्तक उचलते आणि त्याच्या हातात देते. या एका हालचालीवर आमचा धंदा उभा आहे. तुमचाही, निदान नव्या लेखकांपुरता. जे नाव कुणी ऐकलेलंच नाही ते कुणी शोधत नाही.

पण हातात द्यायला आधी ते पुस्तक माझ्याकडे यायला लागतं.

खोका उघडणं हे आमच्याकडचं सगळ्यात आवडीचं आणि सगळ्यात कटकटीचं काम. पट्टी कापायची, वरचा पुठ्ठा काढायचा. बिल हटकून तळाशी असतं, म्हणून सगळा खोका रिकामा करायचा, मग प्रती मोजायच्या. कोपरे दबलेत का, कणा सरळ आहे का, ते बघायचं. प्रत्येक नव्या पुस्तकाची एक तरी प्रत मी अंगठ्याखालून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोडते. मागच्या वर्षी एका कादंबरीत असाच उलटा फर्मा सापडला. पान ११२ नंतरची सोळा पानं डोक्यावर उभी. ती प्रत बाजूला काढली, तुम्हाला कळवलं. वाचकाच्या हातात ती गेली नाही. मग रात्री त्याच कादंबरीची पहिली तीस-चाळीस पानं वाचते आणि ठरवते, ही टेबलाच्या पुढच्या कडेला जाईल की मागच्या, आणि कुणाकुणाला फोन करायचा. या कामाचे पैसे कुणी देत नाही, द्यावेत असंही मी म्हणत नाही. हे काम पंधरा दिवस उशिरा केलं तर त्याचा उपयोग काय, एवढंच विचारते.

नवेपण भाजीसारखं असतं. पुस्तक आलं की पहिले दोन आठवडे त्याचं परीक्षण छापून येतं, लेखकाची मुलाखत होते, चार माणसं बोलतात, पाचव्याला उत्सुकता वाटते. तो पाचवा माणूस दुकानात येतो आणि मी त्याला सांगते, ‘अजून आलं नाही.’ तो चार दिवसांनी पुन्हा येतो. मी पुन्हा तेच सांगते. तिसऱ्यांदा तो येत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. वाईट याचं वाटतं की त्याला वाटतं दुकानच ढिलं आहे. तुम्ही मुद्दाम पंधरा दिवस थांबवलंय हे मी प्रत्येकाला सांगत बसू का? पाठीमागे चहाडी केल्यासारखं वाटतं. आता इथे लिहून टाकलं, म्हणजे तो प्रश्न मिटला.

एकाच दिवशी सगळीकडे माल पोचवणं अवघड आहे, असं एका प्रतिनिधीने मला समजावलं. २१ जुलै २००७ ला हॅरी पॉटर मालिकेचा सातवा भाग आला, तो कितीतरी देशांत एकाच वेळी. दुकानदारांनी सीलबंद खोके आधीच आणून ठेवले होते, ठरल्या वेळेआधी उघडायचे नाहीत अशी अट होती, आणि मध्यरात्री मुलं दारात रांगा लावून उभी होती. एवढा मोठा कारभार २००७ मध्ये जमला. तुमची आवृत्ती त्यापुढे किती प्रतींची असते? गाडी तीच, गोदाम तेच. आधी कुणाचे खोके भरायचे एवढंच ठरवायचं असतं.

त्याच पुस्तकाच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली होती, ती मी विसरलेले नाही. ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांनी ते पुस्तक इतक्या कमी दरात विकलं की काही छोट्या दुकानदारांना घाऊक विक्रेत्यापेक्षा सुपरमार्केटातून प्रती आणणं स्वस्त पडलं. त्या वर्षीचं सगळ्यात जास्त विकलं जाणारं पुस्तक, आणि पुस्तकांच्या दुकानाला त्यात काहीच सुटलं नाही. माझं दुसरं गाऱ्हाणं हेच आहे. तारीख एक असून भागत नाही.

तुमची प्रकाशनपूर्व सवलत ऑनलाइन जिथे जाहीर होते, तिथे ग्राहकाला पुस्तक ज्या दरात मिळतं तो दर बरेचदा तुम्ही मला लावलेल्या दराहून कमी असतो. कमिशन वजा करून मी बिल भरते, तरी वाचक माझ्यापेक्षा स्वस्तात घेऊन मोकळा. परवा एका नेहमीच्या वाचकाने फोन पुढे केला आणि दर दाखवला. बिचारा ओशाळून म्हणाला, ‘ताई, मला तुमच्याकडूनच घ्यायचंय, पण हे बघा.’ मी बघितलं. म्हटलं, तिथूनच घ्या, माझ्यासाठीही दोन प्रती मागवा. तो हसला. मी अर्धीच थट्टा करत होते.

स्वस्त विकणं हा गुन्हा आहे असं मी मानत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये जेम्स लॅकिंग्टन नावाचा विक्रेता होता. त्या काळी उरलेल्या प्रतींपैकी बऱ्याचशा नष्ट करायच्या आणि राहिलेल्यांचा भाव टिकवायचा अशी व्यापाऱ्यांची रीत होती. त्याने ती मोडली. उधारी बंद केली, रोखीने आणि थोड्या नफ्यावर विकलं, आणि ज्यांच्या घरात कधी पुस्तक आलं नव्हतं त्यांच्या घरी पुस्तकं गेली. मला तो माणूस आवडतो. पण तो स्वतःच्या पैशाने घेतलेला माल स्वस्त विकत होता. इथे सवलत तुम्ही देता, एकाला देता, दुसऱ्याला देत नाही, आणि मग मला विचारता की तुमचा खप का घसरला.

ज्या देशांनी याचा विचार केला त्यांनी कायदे केले. फ्रान्समध्ये संस्कृतिमंत्री जॅक लांग यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९८१ साली झाला, १९८२ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि विक्रेत्याने नव्या पुस्तकावर फार तर पाच टक्के सूट द्यायची, मग विक्रेता कोपऱ्यावरचा असो की सगळ्यात मोठा. जर्मनीत पुस्तक व्यवसायाने हे बंधन १८८८ पासून आपणहून पाळलं, २००२ साली त्याचा कायदा झाला. तिथे अठरा महिन्यांनी प्रकाशकाला ही किंमत मोकळी करता येते. म्हणजे जुनं पुस्तक हवं तेवढं स्वस्त होऊ द्या, नव्याला तेवढा श्वास घेऊ द्या. ब्रिटनमध्ये असाच करार १९०० पासून होता. १९९५ मध्ये मोठे प्रकाशक त्यातून बाहेर पडले, १९९७ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. १९९५ ला तिथे स्वतंत्र पुस्तक दुकानं सुमारे १,९०० होती, २०१६ मध्ये ९०० पेक्षाही कमी उरली. याचं खापर एकट्या त्या करारावर फोडणं बरोबर नाही, जागेची भाडी होती, सुपरमार्केटं होती, इंटरनेट आलं होतं. नंतरच्या वर्षांत तिथली संख्या पुन्हा हजाराच्या वर गेली. ती कशाने गेली असं विचाराल, तर दुकानदारांनी दुकानं चालू ठेवली, कार्यक्रम केले, वाचकांना नावानिशी ओळखलं, एवढं तरी मला दिसतं.

कायद्यानेही सगळं सुटत नाही म्हणा. फ्रान्सने २०१४ मध्ये ठरवलं की पाच टक्के सूट आणि मोफत घरपोच सेवा दोन्ही एकत्र देता येणार नाहीत. ऑनलाइन विक्रेत्यांनी घरपोच सेवेचं शुल्क लावलं, एक सेंट! अखेर ऑक्टोबर २०२३ पासून किमान शुल्क किती असावं हेही सरकारला ठरवून द्यावं लागलं. मी तुमच्याकडे कायदा मागत नाही, तो तुमच्या हातात नाही. तुमच्या दरपत्रकावर मात्र सही तुमचीच असते.

तिसरं, परतीचं. इथे मी जरा सबुरीने लिहिते, कारण या बाबतीत आम्हा दुकानदारांचा इतिहास काही फार उजळ नाही. न खपलेल्या प्रती परत घेण्याची पद्धत १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेतल्या प्रकाशकांनी रुळवली. दुकानदार घाबरले होते, नवं पुस्तक मागवायलाच तयार नव्हते, म्हणून प्रकाशकांनी धोका आपल्या अंगावर घेतला. पुढे ती सोय अनेक ठिकाणी पसरली आणि आमच्यापैकी काहींनी तिचा मस्त गैरफायदा घेतला. खोके न उघडताच वर्षाने परत पाठवले. उन्हाने मुखपृष्ठ फिकट झालेल्या प्रती परत पाठवल्या. बिल थकवलं आणि त्याच बिलातला माल परत देऊन हिशेब मिटवला. मीही एकदा सहा महिन्यांनी आठ प्रती परत पाठवल्या होत्या, त्यांतल्या दोनवर किमतीचं लेबल काढताना मुखपृष्ठ फाटलं होतं. त्याबद्दल तुमच्या गोदामातल्या माणसाने मला फोनवर जे ऐकवलं ते मी निमूट ऐकून घेतलं.

तेव्हा नियम कडक करा, माझी ना नाही. पण परत घेणारच नाही म्हटल्यावर काय होतं ते सांगते. गेल्या महिन्यात मी नव्या मालाची मागणी लिहायला बसले. जी नावं आपोआप खपतात त्यांच्यापुढे आकडे सरसर लिहिले. मग पहिलंच पुस्तक असलेल्या एका लेखिकेच्या कथासंग्रहापाशी पेन थांबलं. एरवी मी दहा लिहिले असते. दोन लिहिले. मग तेही खोडून एक केला. एक प्रत टेबलावर दिसत नाही, ती रॅकमध्ये आडवी जाते, नुसता कणा दिसतो. म्हणजे ते पुस्तक माझ्या दुकानात असून नसल्यासारखं आहे. ते मी केलं, माझ्या हाताने. तुमचं कलम वाचल्यावर केलं. ती लेखिका कधी दुकानात आली आणि तिने आपलं पुस्तक शोधलं, तर मला तिच्याकडे बघवणार नाही.

आता कार्यक्रमांकडे येते. खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे, वरचं सगळं गिळून टाकायची मला सवय आहे.

दीड वर्षापूर्वी एका बऱ्यापैकी नाव असलेल्या लेखकाचा कार्यक्रम मी दुकानात ठेवला. नवं पुस्तक, पहिलाच आठवडा. दोन आठवडे वाचकांना फोन केले, निरोप पाठवले, काचेवर पोस्टर लावलं. मुलाखत घेणारी मी शोधली, तिला पुस्तक आधी वाचायला मिळावं म्हणून तुमच्या कार्यालयाला चार वेळा आठवण केली. त्या संध्याकाळी रॅक ढकलली, खुर्च्या पुसल्या. अर्धा तास आधी तुमचा प्रतिनिधी गुंडाळलेला एक बोर्ड घेऊन आला आणि लेखकाच्या खुर्चीशेजारी उभा केला. माणसाच्या उंचीचा. वर मुखपृष्ठ, खाली क्यूआर कोड आणि ‘आत्ताच स्कॅन करा, खास सवलतीत घरपोच मिळवा’. कार्यक्रम सुंदर झाला, लेखक मनापासून बोलले. प्रश्नोत्तरं संपली, लोक उठले आणि ओळीने फोन वर झाले. मी गल्ल्यावर उभी राहून बघत होते. टेबलावर चाळीस प्रती होत्या, नऊ गेल्या. एक कॉलेजातला मुलगा स्कॅन करून मग माझ्यापाशी आला. ‘काकू, पुस्तक घरी येणार आहे, मग सही कशी घ्यायची?’ लेखकांनी त्याला कोऱ्या कागदावर सही दिली. तो कागद तो नंतर पुस्तकात चिकटवणार होता.

त्या मुलाचा मला राग नाही. त्याच्यासमोर जे उभं केलं ते त्याने केलं. पण ज्याने तो बोर्ड माझ्या दुकानात, माझ्या दिव्याखाली उभा केला त्याला एकदाही वाटलं नाही का, की आपण कुणाच्या घरात उभे आहोत?

आणि आता शंभर प्रतींची अट. लेखकाचा कार्यक्रम म्हणजे त्या संध्याकाळची विक्री, असा तुमचा हिशेब दिसतो. त्या हिशेबाने दोन वर्षांपूर्वीचा एक कार्यक्रम साफ पडला होता. पहिल्या पुस्तकाची लेखिका, तीस खुर्च्या, अकरा माणसं, त्यांत दोन तिच्या घरची. मी तिसऱ्या ओळीतल्या खुर्च्या हळूच उचलून ठेवल्या, म्हणजे तिला रिकाम्या दिसू नयेत. ती घाबरलेली होती. पहिली दहा मिनिटं पानावरून मान वर केली नाही, मग एका प्रश्नावर अशी काही खुलली की आठला संपायचा कार्यक्रम सव्वानऊला संपला. प्रती गेल्या सात. तुमच्या प्रतिनिधीने वहीत ‘प्रतिसाद अल्प’ असं लिहिलेलं मी बघितलं.

त्यानंतरचं त्याच्या वहीत नाही. सही केलेल्या बारा प्रती मी गल्ल्याशेजारी ठेवल्या. आलेल्या अकरांपैकी एक बाई शिक्षिका होत्या, त्यांनी महिन्याभरात सहकाऱ्यांसाठी पाच नेल्या. एकाने आपल्या वाचन गटात ते पुस्तक लावलं. मी स्वतः ज्याच्या-त्याच्या हातात देत राहिले, कारण मी ती संध्याकाळ ऐकली होती आणि मला सांगायला काहीतरी होतं. वर्षभरात माझ्या एका दुकानातून त्या पुस्तकाच्या बासष्ट प्रती गेल्या. दोन-दोन, तीन-तीन. शंभर प्रती आधी रोखीने उचला अशी अट तेव्हा असती तर हा कार्यक्रम झालाच नसता, आणि त्या बासष्टही नाहीत.

लोक लेखकाला ऐकायला पैसे देत नाहीत असंही नाही. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून तिकीट लावून स्वतःचं लेखन वाचून दाखवत आणि लोक गर्दी करत. आपल्याकडे रोज डिकन्स येणार नाहीत हे मान्य. पण मार्ग निघतो. पुस्तकाच्या किमतीतच प्रवेश ठेवता येतो, जो येईल तो प्रत घेऊनच बसेल. मी तीनदा हे करून पाहिलं, तिन्ही वेळा खुर्च्या भरल्या. हे मी तुमच्यापैकी दोघांना लिहून कळवलं होतं. पोच आली, उत्तर आलं नाही.

लहानसहान गोष्टी आणखी आहेत. पुढच्या तीन महिन्यांत काय येणार याची यादी पूर्वी यायची, ती बंद झाली. आता नव्या पुस्तकाची बातमी मला वाचकाच्या फोनवरून कळते. वाचून बघण्यासाठी आगाऊ प्रत यायची, तीही बंद, समाजमाध्यमांवर पुस्तकांचे फोटो टाकणाऱ्यांना मात्र ती खोक्यात सजवून जाते. त्यांना जरूर पाठवा. त्यातली एक इकडेही येऊ द्या.

लेखकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. तुम्ही दुकानात येता तेव्हा प्रेमाने येता, हे मी बावीस वर्षं बघते आहे. सहीच्या रांगेतल्या माणसांना मी आधीच एक चिठ्ठी देते, तिच्यावर नाव कसं लिहायचं ते असतं, म्हणजे तुम्हाला ‘स्मिता की स्मीता’ विचारत बसावं लागत नाही. तुमच्यातल्या एकाने ती सगळी चिठ्ठ्यांची चळत सोबत नेली होती, वाचकांची नावं म्हणून. तुमच्या पानांवर पुस्तकाची जी एकच लिंक असते, तिच्याखाली ‘जवळच्या दुकानातही विचारा’ एवढी ओळ टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि करार करताना विचारा, माझं पुस्तक दुकानांना कधी मिळणार? तुम्ही विचारलंत तर ते उत्तर देतील. मला देत नाहीत.

प्रकाशक मंडळी, माझं मागणं इतकंच आहे. नवं पुस्तक ज्या दिवशी ऑनलाइन विक्रीला लागेल त्याच दिवशी दुकानातही मिळालं पाहिजे, पंधरा दिवसांचं कलम मागे घ्या. पहिले सहा महिने सवलत सगळ्यांना सारखी ठेवा, प्रकाशनपूर्व सवलतीसकट. वाचकाला जेवढी द्यायची तेवढी आमच्यामार्फतही द्या. परतीला मुदत घाला, चार महिने म्हणा, मागणीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त परत नको म्हणा, खराब प्रत घेणार नाही म्हणा, सगळं मान्य. फक्त पहिलंच पुस्तक असलेल्या लेखकांच्या बाबतीत ती हिश्शाची अट काढा. दुकानातल्या कार्यक्रमात विक्री दुकानाच्या गल्ल्यावर होईल आणि दुसऱ्या विक्रेत्याची जाहिरात तिथे लागणार नाही, हे लेखी द्या. शंभर प्रतींची अट रद्द करा. त्याऐवजी तीस प्रती मी रोखीने घेते, वरच्या वीस परतीच्या बोलीवर पाठवा. आणि ती तीन महिन्यांची यादी पुन्हा सुरू करा, छापील नको, फोनवर पाठवली तरी चालेल.

यातल्या कुठल्या मागणीत तुमचं नुकसान होतं ते आकडे मांडून दाखवा, मी बसून ऐकेन. वेळ आणि जागा तुम्ही सांगा. दुकानात आलात तर खुर्च्या आहेत.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे एका नव्या लेखकाचा कार्यक्रम ठरलेला आहे, पुस्तक तुमच्यापैकीच एकाचं. मागणी तीन आठवड्यांपूर्वी पाठवली आहे. गेल्या दोन आठवड्यांत सात जण ते पुस्तक विचारून गेले. त्यांची नावं आणि नंबर मी वहीत लिहून ठेवले आहेत. खोका आदल्या बुधवारपर्यंत पोचला तर मला एक रात्र वाचायला मिळेल.

कळावे,
आपली,
एक पुस्तक विक्रेती

ता. क. पान ११२ नंतर उलटा फर्मा असलेल्या त्या प्रतीची बदली प्रत अजून आलेली नाही.